जोडी आली का?

"मंडळी, जगातली प्रत्येक महान संस्कृती शिस्तीवर उभी राहिली आणि बेशिस्तीने कोसळली. रोमचं काय झालं? बॅबिलोनचं काय झालं? आणि उलट, जर्मन माणूस बघा. कोसळला, पण कोसळतानासुद्धा वेळेवर कोसळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विटा रचायला हजर झाला. का? तर शिस्त! आज आपण त्या शिस्तीच्या बाजारात पाऊल ठेवणार आहोत."

हेमचंद्र पोंक्षे यांनी माइक जरा खाली घेतला आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या आल्या नाहीत. पहिल्या सीटवरच्या रेखाताईंनी मान वर करून विचारलं, "हेमचंद्र, तुम्ही काही बोलताय का? नुसतेच ओठ हलताहेत."

माइक बंद होता. पिस्कॅटवे गावाहून बस निघाल्यापासून तो बंद होता, म्हणजे सीटबेल्टचं, पाणी पिण्याचं आणि 'डावीकडे दिसतंय ते धरण' हे निवेदनही कोणी ऐकलं नव्हतं. तरी सगळ्यांनी सीटबेल्ट लावले होते, पाणी प्यायलं होतं आणि डावीकडे बघून घेतलं होतं. पोंक्षे काय सांगणार हे आता ऐकावं लागत नसे.

मराठी मंडळाचा 'ज्येष्ठ कट्टा' पेनसिल्व्हेनियातल्या एका गावचा जर्मन ख्रिसमस बाजार बघायला निघाला होता. नाताळच्या आधी चौकात लाकडी टपऱ्या मांडायच्या आणि काचेचे गोळे, लाकडी बाहुल्या, गरम वाईन आणि सॉसेज विकायचे, ही जर्मन लोकांची जुनी रीत. तिकडून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं ती इथे अजून पाळतात. कट्ट्यावरच्या लोकांना सॉसेज चालत नव्हतं, वाईनबद्दल एकमत नव्हतं आणि काचेचे गोळे टांगायला घरात झाड नव्हतं. तरी बस भरली, कारण सहल पोंक्षे नेत होते, आणि पोंक्षे नेतात तिथे स्वच्छतागृह असतं.

नोकरीत असताना हेमचंद्र नदीखालच्या बोगद्यात हवा खेळती ठेवणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते. रोज लाखो लोक त्यांच्या पंख्यांच्या भरवशावर नदीखालून श्वास घेत पलीकडे जात आणि एकालाही पंखा दिसत नसे. पंखा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणजे तो नीट चाललाय, हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान होतं. निवृत्तीनंतर ते त्यांनी सहलींना लावलं. नायगाऱ्याला ते इतक्यांदा गेले होते, की तिथल्या प्रत्येक टॉयलेटमधला हात वाळवायचा पंखा त्यांना ओळखत असेल. धबधबा मात्र त्यांनी एकदाच, पार्किंगमधून, तोही आवाजावरून पाहिला होता.

आणि त्यांच्या सहलीत आजवर एकही माणूस मागे राहिला नव्हता. याचं श्रेय 'जोडी पद्धती'चं. हेमचंद्र डोकी मोजत नसत. डोकी हलतात, वाकतात, मोजणारा चुकतो. त्यांनी प्रत्येकाला एक जोडी नेमून दिली होती. बस सुटायच्या आधी ते विचारत, "जोडी आली का?" आणि प्रत्येकाने शेजारी बघून "आली!" म्हणायचं. नवरा-बायकोच्या जोड्या आपोआप पडत, पण त्या तितक्या भरवशाच्या नसत. काही जण शेजारची जागा रिकामी दिसली तरी क्षणभर विचार करून मगच "नाही आली" म्हणत. सगळ्यांत पक्की जोडी शुभाताई आणि रेखाताईंची. मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक ऐन नैवेद्याला फुटले, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. फुटले ते मोदक कोणाच्या उकडीचे, यावर मंडळात अजून दोन तट होते. हेमचंद्रांनी या दोघींची मुद्दाम जोडी लावली होती. "वैरी कधी नजरेआड होत नाही," ते म्हणत. खरंच होतं. शुभाताई दोन मिनिटं उशिरा आल्या, तर त्याची पहिली नोंद रेखाताईंच्या चेहऱ्यावर व्हायची.

आज मात्र पद्धतीची परीक्षा होती. मंडळाची नवी सेक्रेटरी रुपाली, ऑफिसातून वर्क फ्रॉम होम घेऊन, म्हणजे काम बसमधून करत, सोबत आली होती. तिने ज्येष्ठांसाठी एक ॲप बनवलं होतं. बसमध्ये चढताना फोन दाखवायचा, उतरताना दाखवायचा, कोण राहिलं ते लाल रंगात दिसतं.

"काका, तुमची सिस्टिम क्यूट आहे," ती आदल्या आठवड्यात म्हणाली होती, "पण स्केल होत नाही. एक माणूस राहिला ना, तर लायबिलिटी मंडळाची. या ट्रिपला मी फक्त ऑब्झर्व्ह करते. एव्हरीथिंग ओके असेल तर तुमचीच सिस्टिम. नाहीतर ॲप. आणि तुम्ही सल्लागार."

मंडळाच्या भाषेत सल्लागार म्हणजे हार न घातलेला फोटो. हेमचंद्रांना रात्रभर झोप लागली नव्हती.

बाजार मोठा होता. मध्ये तीनमजली लाकडी मनोरा, त्यावर देवदूत आणि मेंढपाळ गोल फिरताहेत. भोवती टपऱ्या, टपऱ्यांवर हिरव्या वेली, चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून थंडीत पितळी वाद्यं वाजवणारे धीराचे लोक. हेमचंद्रांनी यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी स्वच्छतागृहं पाहिली, बाहेर जायच्या वाटा पाहिल्या, बर्फ साचून निसरडी झालेली पायरी पाहिली आणि तिच्यापाशी उभे राहून कट्टा खाली उतरवून घेतला. "चार वाजता बस. जोडीने या. सुटे फिरू नका."

पहिला पेच बटाट्याच्या टपरीवर आला. मार्गशीर्षातला गुरुवार होता. तिकीट गुरुवारी स्वस्त होतं म्हणून सहल गुरुवारी होती, आणि निम्म्या बायकांचा उपास होता. समोर तव्यावर किसलेल्या बटाट्याचे खरपूस पोळे निघत होते आणि वर सफरचंदाचा मुरंबा पडत होता.

"बटाटा तर आहे. सफरचंद तर फळच," रेखाताई हवेत म्हणाल्या.

"काही लोकांना आतली कणीक आणि अंडं दिसत नाही," शुभाताई दुसऱ्या दिशेच्या हवेत म्हणाल्या.

"दिसत नाही म्हणजे नाहीच ते," रेखाताई.

निवाड्यासाठी हेमचंद्रांना बोलावणं गेलं. त्यांनी पोळ्याकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं आणि निर्णय दिला, "बटाटा उपासाला चालतो. अंडं चालत नाही. तेव्हा ज्याला जे चालतं तेवढं त्याने खावं." सगळ्यांचं समाधान झालं. थोड्या वेळाने रेखाताई प्लेट पुसताना दिसल्या. चालणारं आणि न चालणारं त्यांना वेगळं करता आलं नसावं.

गरम वाईनचा प्रश्न आपोआप सुटला. दालचिनी, लवंग, चक्रीफूल आणि संत्र्याची साल टाकून उकळलेल्या त्या लाल पेयाचा वास घेऊन सौमित्र कारखानीस यांनी जाहीर केलं, "अहो, हा तर काढा!" काढ्याला कोण नाही म्हणणार? सौमित्ररावांना सर्दी होती; त्यांनी औषध तीन वेळा घेतलं.

आणि चार वाजता सगळे बसमध्ये होते. हेमचंद्र पायरीवर उभे राहिले. माइक या खेपेला चालू होता.

"जोडी आली का?"

"आली!" बस गरजली.

रुपाली शेवटच्या सीटवर कानात हेडफोन घालून कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला हजर होती. तिने अंगठा वर केला. हेमचंद्रांच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. फोन त्यांनी ड्रायव्हरशेजारी चार्जिंगला लावला आणि कोटाची बटणं सोडायला हात घातला. तेवढ्यात रेखाताई किंचाळल्या.

"माझी पिशवी! आन्यासाठी काचेचे पक्षी घेतले होते. त्या बाहुल्यांच्या दुकानात राहिली बहुतेक."

आन्या त्यांची नात. त्या उठायला लागल्या. हेमचंद्रांनी हात आडवा केला. बसमध्ये चढलेला माणूस उतरत नाही, हा नियम. "मी आणतो. हलू नका."

ते उतरले आणि बाजारात दिसेनासे झाले. त्याबरोबर शुभाताईंनी खिडकीच्या काचेला सांगितलं, "काही लोक पिशवी स्वतःच्या कोटाखाली ठेवतात आणि दुसऱ्यांना पळवतात."

रेखाताईंनी कोट उचलला. "सापडली!"

"सापडली!" मागच्यांनी री ओढली. ड्रायव्हर लमारने आरशातून मागे पाहून विचारलं, "ऑल गुड?" या प्रश्नाला एका सुरात काय उत्तर द्यायचं, हे हेमचंद्रांनीच सगळ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

"ऑल गुड!"

दार मिटलं. पुढचे समजले ते मागे उभे असतील. मागचे समजले ते पुढे उभे असतील. पोंक्षे बसमध्ये कुठेतरी उभे असतातच.

हेमचंद्र पिशवीशिवाय परत आले, तेव्हा बस सिग्नलवरून वळत होती. मागच्या काचेतून सौमित्रराव त्यांना दिसले. औषधाने सौमित्ररावांचा चेहरा फुलला होता. त्यांनी काचेतून जोरजोरात हात हलवला. हेमचंद्रांनीही सवयीने हात हलवला. बस गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की निरोप आपलाच झाला.

पहिल्यांदा त्यांना हसू आलं. मग थंडी वाजली. मग ते वाक्य मनात नीट तयार झालं: पोंक्षेंच्या सहलीत माणूस मागे राहिला. आणि त्यामागून दुसरं, जे थंडीपेक्षा जास्त झोंबलं: पद्धतीत चूक काहीच झाली नव्हती. प्रत्येकाने आपली जोडी पाहिली होती. प्रत्येकाची आली होती.

ते बाहुल्यांच्या दुकानाकडे परत गेले, कारण त्या गावात त्यांच्या ओळखीचं तेवढं एकच दुकान होतं.

दुकानातली बाई पन्नाशीची, सोनेरी वेण्यांचा टोप घातलेली. छातीवरच्या पाटीवर 'ग्रेचेन' असं जर्मन नाव. "ही पाटी आणि केस दुकानाबरोबर येतात," तिने स्वतःहूनच सांगितलं. "मी डेनीस. जर्मनीला कधी गेले नाही. तुम्ही?"

"फ्रँकफर्टच्या विमानतळावर चार तास होतो," हेमचंद्र म्हणाले. "अतिशय शिस्तबद्ध सरकता जिना."

तिने त्यांना बसायला स्टूल दिलं. फळीवर लाकडाची बुटकी माणसं ओळीने उभी होती: पोस्टमन, पाववाला, मेंढपाळ, रखवालदार, सगळ्यांच्या तोंडात पाइप. डेनीसने पोस्टमनला कमरेतून उचलून दोन भाग केले, आत धुपाची पेटलेली कांडी ठेवली आणि वरचा भाग परत बसवला. पोस्टमनच्या तोंडातून धूर निघायला लागला. वास थेट देवघराचा. हेमचंद्र स्वतःचं संकट क्षणभर विसरले. "खाली भोकं आहेत ना? हवा तिथून येते. आत घेतल्याशिवाय बाहेर सोडता येत नाही. सगळ्या बोगद्यांचं हेच आहे."

"तुम्ही इथे कोणाबरोबर आलात?" डेनीसने विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बस, कट्टा, जोडी पद्धत. डेनीस कौतुकाने ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "मस्तच आहे. मग तुमची जोडी कोण?"

आजवर हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. ॲप बनवणाऱ्या रुपालीनेसुद्धा नाही.

जोडी होती. वसुधा. 'जोडी आली का' असं त्यांनी विचारलं की पहिल्या सीटवरून त्यांच्याकडे बघत तिचं "आली हो!" सगळ्यांच्या आधी ऐकू यायचं. हेमचंद्र मात्र कधी तिच्या शेजारी बसले नाहीत. मुलाच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी ते पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होते. मंडळाच्या प्रत्येक गणपतीत आरतीच्या वेळी ते नारिंगी जाकीट घालून मंदिराच्या पार्किंगमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी वसुधा गेली तेव्हा ते हॉस्पिटलच्या गॅरेजमध्ये होते. गाडी चुकीच्या मजल्यावर लागली होती, ती उचलून नेतील म्हणून हलवायला गेले होते. "जाऊन या," असं तीच म्हणाली होती. तीही नियम पाळणारी होती.

"सध्या नाहीये," ते डेनीसला म्हणाले. "फोन मिळेल का जरा?"

पाठ असलेला नंबर एकच होता, स्वतःचा. फोन तर बसमध्येच होता, कोणीतरी उचलेल. रिंग वाजली आणि कट झाली. परत लावला, परत कट. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"हॅलो! कोण पाहिजे?" शुभाताई.

"शुभाताई, मी हेमचंद्र. मी बाजारातच राहिलोय. बस थांबवा."

 फोनवर हात न ठेवताच शुभाताई ओरडल्या, "अगं बाई! आला! तोच आला! त्या पोलिसाने सांगितलं होतं ना, डिट्टो तसाच!"

हेमचंद्रांनी कपाळावर हात मारला. ऑक्टोबरमध्ये त्यांनीच कट्ट्यावर पोलिस खात्यातल्या माणसाचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय: फोनवरची फसवणूक. अनोळखी नंबरवरून ओळखीचा आवाज येईल, 'मी अडकलोय' म्हणेल, घाई करायला लावेल, गिफ्ट कार्डांतून पैसे मागेल. विश्वास ठेवू नका. शेवटी त्यांनी स्वतः सगळ्यांकडून ते तीनदा म्हणून घेतलं होतं.

"आवाज काय हुबेहूब काढलाय मेल्याने! एआय हो, एआय!"

"शुभाताई, ऐका. मी खरंच इथे अडकलोय."

"अडकलात ना? आता गिफ्ट कार्ड मागा. मागा, मागा, लाजू नका!"

"मला गिफ्ट कार्ड नको, मला बस हवी आहे!"

"ऐकलंत का? हा सगळी बसच मागतोय!"

"अहो, वाटेपलीकडे बघा. माझी सीट रिकामी आहे की नाही?"

"आहे ना रिकामी. रोजच असते. आमचे पोंक्षे कधी बसत नाहीत, एवढी तरी माहिती काढायची होतीत."

"मग हाक मारा मला! बघा मी ओ देतो का!"

शुभाताईंनी हाक मारली. "हेमचंद्र, बसमध्ये आहात का?" दुरून सौमित्ररावांचा तृप्त आवाज आला, "आहेत ना! आत्ताच तर मला हात केला त्यांनी."

हेमचंद्रांनी फोन कानापासून दूर धरला. डेनीसने विचारलं, "फॅमिली?"

"हो. मला चोर म्हणताहेत."

"मग फॅमिलीच," डेनीस म्हणाली.

फोनमध्ये आता खुसपुस ऐकू येत होती. कोणीतरी स्पीकर लावला असावा, कारण इंजिनाचा आवाज मोठा झाला. मग पोलिसाने शिकवलेला शेवटचा उपाय शुभाताईंना आठवला.

"बरं, खरे पोंक्षे असाल तर एक सांगा. जे खऱ्या पोंक्षेंनाच माहीत असेल. त्या गणपतीत मोदक फुटले, ती उकड कोणाची होती? माझी, की हिची?"

बसमधला श्वास थांबलेला फोनवरून कळला. दोन तट, इतकी वर्षं. हेमचंद्रांना उत्तर माहीत होतं. वसुधाने त्याच रात्री सांगितलं होतं. एक नाव घेतलं की बस वळणार होती. पण त्या नावाची बाई आयुष्यभर खिडकीच्या काचेशीच बोलत बसली असती. धुराची एक बारीक रेघ पोस्टमनच्या तोंडातून वर चालली होती. हेमचंद्र तिच्याकडे बघत राहिले आणि या प्रश्नावर आजवर प्रत्येकाला जे उत्तर दिलं होतं तेच त्यांनी दिलं.

"मी तेव्हा पार्किंगमध्ये होतो."

 फोनमधून असा कल्लोळ उठला, की शेजारच्या टपरीतला सॉसेजवाला वळून बघायला लागला.

"तेच आहेत! अहो, तेच आहेत!"

"पोंक्षे राहिले! थांबवा! स्टॉप द बस!"

"मग मला हात कोणी केला?" सौमित्रराव.

गोंधळातून रुपालीचा आवाज वर आला. "काका? ओह माय गॉड, काका! यू आर देअर? आम्ही हायवेवर आहोत, पुढच्या एक्झिटला वळतो. थांबा तिथेच. आत कुठेतरी बसा, प्लीज. बाहेर उभे राहू नका."

"सीटबेल्ट लावलेत ना सगळ्यांनी?" हेमचंद्रांनी विचारलं.

"काका!"

बस यायला वेळ होता, आणि आयुष्यात प्रथमच हेमचंद्रांवर कोणाचीच जबाबदारी नव्हती. डेनीसने त्यांना दुकानातून जवळजवळ हाकललंच. "जा, बघून या. अंधार पडल्यावरच हा बाजार खरा बाजार होतो."

ते गेले. टपऱ्यांवरचे दिवे लागले होते. स्वच्छतागृहाची पाटी दिसली तेव्हा त्यांची पावलं वळली, पण त्यांनी त्यांना परत ओढून आणलं. तो तीनमजली मनोरा त्यांनी खालून वर बघितला: खाली मेंढपाळ, मधे तीन राजे, वर देवदूत, सगळे एकाच संथ गतीने फिरताहेत. ते बघत उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांना कळलं, की ते कोण किती फेऱ्या मारतं हे बघत नाहीयेत, नुसतेच बघताहेत. पितळी वाद्यवाल्यांनी एक संथ धून धरली होती. भोपूवाला सगळ्यांपेक्षा अर्धी मात्रा मागे होता आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

त्यांनी कढईत साखर-दालचिनीत घोळवलेल्या बदामांचा एक गरम पुडा घेतला. पुडा उघडला की आधी फिरवायचा ही सवय. त्यांनी तो डावीकडे केला, उजवीकडे केला. एका अनोळखी पोरीने दोन उचलले, "थँक्स" म्हणून गेली. उरलेले त्यांनी खाल्ले. सगळे. मनोऱ्याकडे बघत, एकेक, चावून चावून. पुडा संपला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं, की अख्खा पुडा एका माणसाला पुरतो.

"छान होतं हं," ते मनोऱ्याकडे बघून हळूच म्हणाले. कोणाला म्हणाले ते त्यांनाच माहीत.

बस आली तेव्हा ते फुटपाथवर उभे होते. पायरीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी मनात भाषण जुळवलं होतं. थोडक्यात, सन्मानाने, रोमचा उल्लेख टाळून. दार उघडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कोणी हसत नव्हतं. शुभाताई डोळे पुसत होत्या आणि काचेला सांगत होत्या, की हीटरमुळे पाणी येतंय.

"मंडळी," हेमचंद्र म्हणाले, "आज माझ्या सहलीत माणूस राहिला. नियम म्हणजे नियम. रुपाली, तुझं ॲप चालू कर. मी सल्लागार व्हायला तयार आहे."

रुपाली पायरीपाशी आली होती. मीटिंग तिने अर्धवट सोडली होती. हेडफोन गळ्यात लोंबत होते. "काका, ॲप काही तुमच्या सिस्टिमच्या अगेन्स्ट नाहीये," ती म्हणाली. "वरून लाल-हिरवं दिसतं, आत तुमचीच जोडी टाकलीय मी. पण तुमचं नाव घालायचं राहिलं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही, आय ॲम सो सॉरी." तिने फोन वर धरला. "आत्ता घालते. पण जोडीच्या रकान्यात कोणाचं नाव लिहू?"

 लमारनेसुद्धा आरशात बघितलं. हेमचंद्रांनी कोटाचं एक बटण सोडलं आणि परत लावलं.

"आमच्यात," रेखाताई म्हणाल्या.

"आमच्यात," शुभाताई म्हणाल्या, त्याच क्षणी.

दोघींनी दचकून एकमेकींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच दोघींचं एकमत झालं होतं, आणि दोघींच्याही चेहऱ्यावर आपली फसवणूक झाल्याचा भाव होता. मग दोघी शहाण्यासारख्या विरुद्ध दिशांना बघायला लागल्या.

"तिघांची जोडी नसते," हेमचंद्र पुटपुटले.

"काका, सॉफ्टवेअर आहे ते. असते," रुपाली म्हणाली. "बसा आता."

"बसा!" मागून सौमित्रराव ओरडले. मग सगळेच ओरडायला लागले. "पोंक्षे, बसा! बसा!"

आणि हेमचंद्र पोंक्षे बसले. पहिल्या रांगेत, वाटेपलीकडच्या त्या नेहमी रिकाम्या सीटवर. सीट मऊ होती. तिला हात टेकायला दांडे होते, आणि खिडकी बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येत होती. हे कोणीतरी विचार करून बनवलेलं होतं. लमारने बस हलवली. टपऱ्यांचे दिवे, मनोरा, डेनीसच्या हलणाऱ्या सोनेरी वेण्या, एकेक काचेवरून सरकत मागे गेलं, आणि त्यांनी ते सगळं सरळ समोर बघण्याऐवजी मान वळवून, शेवटपर्यंत पाहिलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली. मग अख्ख्या बसने वाजवली.  आता दोन शब्द बोलायलाच हवेत, म्हणून हेमचंद्र खाकरले आणि रेखाताईंकडे वळले.

रेखाताई वाटेतून त्यांच्या कानाशी वाकल्या होत्या.

"हेमचंद्र, जरा उठता का?" त्या हळूच म्हणाल्या. "माझं उपासाचं केळं आहे तिथे."